ओल्या सोपटाची गाठ

शालिकराम माळ्याला म्हातारपणी कमी ऐकू येई, असं अमरावतीत आजही सांगतात. साफ खोटं आहे ते. त्याला ऐकू येत होतं ते जरा जास्तच, आणि तेच त्याचं दुखणं होतं. समोरचा माणूस बोलायला लागला की हा हात वर करून त्याला थांबवी, मान तिरकी करी आणि दुसरंच काहीतरी ऐकत बसे. पोरं हसत. हसोत बापडी. ज्यांना ठाऊक होतं ते हसत नव्हते.

केशवराव वकिलांचा बंगला गावाच्या कडेला होता आणि बंगल्यामागं त्यांची संत्र्याची बाग. शालिकराम त्या बागेचा माळी. त्याचा हात डोळे बांधण्यात होता. जंबेरी लिंबाच्या खुंटावर साल चिरायची, संत्र्याचा डोळा आत सरकवायचा, वरून केळीच्या ओल्या सोपटानं आवळून बांधायचं. हिवाळ्यात सगळा वऱ्हाड हेच काम करतो, पण शालिकरामानं बांधलेला डोळा सहसा फुकट जात नसे. चांदूर बाजारापासून बागाईतदार त्याला बोलावून नेत. तो कमरेला ओल्या सोपटाची जुडी खोचून दिवसभर रांगेतून सरके आणि शिकायला येणाऱ्याला एकच गोष्ट सांगे, "ओल जाऊ देऊ नोको बाप्पा. ओल गेली का डोळा मेला."

त्याला एकुलता एक मुलगा, बंडू. वकिलांनाही एकच, रविकांत. रविकांत डॉक्टर झाला आणि लढाई सुरू झाल्यावर पलटणीत गेला. बंडू लहानपणापासून त्याच्या मागं मागं फिरणारा. "धाकले मालक जातेत तं मी बी जातो," म्हणाला आणि दवाखान्याच्या कामावर भरती होऊन त्याच जहाजात चढला. त्याचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. बायको रमा, हिवरखेडच्या सूर्यभान माळ्याची मुलगी. तो जाताना ती नुसती विहिरीपाशी उभी राहिली. मग सिंगापूर पडलं. सरकारकडून दोन्ही घरांना एकच शब्द कळला, बेपत्ता.

आता या बेपत्ता शब्दाचं काय करायचं सांगा. मेला म्हटलं तर माणूस रडून मोकळा होतो. जिवंत म्हटलं तर वाट पाहतो. बेपत्ता म्हटलं की भरल्या ताटावर बसून घास अडकतो तसं होतं, आणि ते दोन्ही घरांत रोज होत होतं. वकिलांच्या घरी रविकांतच्या आईनं, सत्यवतीबाईंनी, गोड खाणं सोडलं. माळ्याच्या झोपडीत गंगूबाई, म्हणजे बंडूची आई, येणाऱ्याजाणाऱ्याला विचारी, "बेपत्ता म्हंजे हाय का नाई जी?"

रेडिओ आला तो यासाठी. केशवरावांना त्याची हौस नव्हती, पण पूर्वेकडच्या कुठल्याशा स्टेशनावरून कैद झालेल्या शिपायांचे निरोप सांगतात असं त्यांच्या कानावर आलं. अकोल्याच्या एका दुकानातून पेटी आली आणि तिच्यासोबत ओमप्रकाश मिस्त्री आला. त्यानं बागेतल्या दोन कडुनिंबांच्या मधे तार ताणली, तिथून एक तार खाली घरात आणली आणि पेटी सुरू केली. सुरू झाली खरखर! शेजारी सरकी काढायचं जिन होतं. कापसाचा हंगाम चालू, जिनातली मोटर फिरतेय तोवर पेटीतून भाजणीच्या कढईसारखा आवाज, दुसरं काही नाही. सत्यवतीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

ओमप्रकाश परत अकोल्याला गेला आणि एक वेगळीच तार घेऊन आला. आता तिला कोॲक्सियल म्हणतात. तिच्या मधोमध तांब्याचा एक धागा, त्याभोवती रबर, रबरावर तांब्याची विणलेली जाळी आणि जाळीवर पुन्हा रबर. जिनाची खरखर जाळीवर अडते आणि मधल्या धाग्यातून आवाज सुखरूप येतो, असं त्याचं म्हणणं. तार भिंतीपर्यंत आली की तिच्या टोकाला एक पितळी बोंड. बोंडाच्या मधे काडी, भोवती कडं. काडीत धागा, कड्यात जाळी. हे बोंड भिंतीतल्या पितळी खाचेत बसलं की बागेतली तार घरातल्या तारेला मिळाली. वीज कडाडली की बोंड उपसून ठेवायचं, नाहीतर घरावर संकट.

"हे बघ शालिकराम," ओमप्रकाशनं बोंड उघडून दाखवलं. "धागा अन् जाळी, एका घरात राहतील पण एकमेकांना शिवणार नाहीत. सासरा अन् सून समज. शिवले की आवाज गेला."

"समजलं जी," शालिकराम म्हणाला. समजलंही होतं त्याला. सालीच्या आत गाभा, गाभ्याबाहेर साल, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. तेव्हापासून बोंड लावणं आणि उपसणं त्याच्याकडे लागलं. संध्याकाळी दिवे लागले की तो भिंतीपाशी जाई, बोंड धोतराच्या सोग्यानं पुसून खाचेत बसवी, आणि आतून आवाज आला की तिथेच उकिडवा बसून राही. खिडकीखाली गंगूबाई आणि रमा उभ्या असत. आत बसायला त्यांना कुणी नको म्हटलं नव्हतं, पण या म्हणूनही म्हटलं नव्हतं.

असे कित्येक दिवस गेले. पंजाबची नावं झाली, मद्रासची झाली. मग एका संध्याकाळी तिकडचा बोलणारा म्हणाला की उद्या मध्यप्रांत आणि वऱ्हाडचे लोक स्वतः बोलतील. बाईंनी ते ऐकलं आणि त्या देवघरात जाऊन बसल्या. गंगूबाईनं घरी येऊन चूल पेटवली नाही. रमा तेवढी बोलली, "उद्या ते बोलतीन. मले माईत हाय."

दुसऱ्या दिवशी दुपारी वानरं आली. कडुनिंबावरून बंगल्याच्या कौलांवर, कौलांवरून पुन्हा झाडावर, नेहमीचाच धुडगूस. त्यातल्या एका दांडग्यानं उडी चुकवली आणि ते तारेला लोंबकळलं. तार बोंडातून सपशेल उपसून आली. आदल्या रात्री बोंड उपसायचं कुणाला सुचलं नव्हतं; आता बोंड भिंतीत, तार अंगणात.

सत्यवतीबाई अनवाणी बाहेर धावत आल्या. केशवराव कचेरीत होते. अकोल्याला माणूस धाडून ओमप्रकाश यायचा तर दुसरा दिवस उजाडला असता. शालिकराम तेव्हा बागेत डोळे बांधत होता. सकाळपासून तेच काम, बोटं ओली, कमरेला सोपट.

"शालिकराम, तुला बसवता येतं का रे ते?" बाईंनी बांधावरूनच विचारलं. "तू पाहिलं होतंस ना त्याला बसवताना?"

"पायलं होतं बाई. बसवतो. तुमी काई काळजी करू नोका."

त्यानं बसवलंही, आणि काय सुरेख बसवलं! डोळे काढायच्या चाकूनं वरचं रबर सोललं, जाळी मागं दुमडली, धागा उघडा केला. धागा काडीत, जाळी कड्याखाली, दोघांत बोटभर रबर शाबूत. ओमप्रकाशनं हात जोडावेत असं काम. कडं जरा ढिलं होतं, पुन्हा ओढ बसली तर निसटेल म्हणून बाहेरून आवळायला हवं होतं, तेही खरं. इथं मला त्या माणसाचा हात धरावासा वाटतो. अरे बाबा, घरात सुतळी होती, चिंधी होती! पण हात मनाला विचारून चालत नाहीत. आयुष्यभर जे केलं तेच हातांनी केलं. कमरेचं ओलं सोपट काढलं, बोंड आणि तारेचा सांधा धरून आवळून गुंडाळलं, गाठ मारली आणि ओल टिकावी म्हणून वरून मातीचा ओला गारा लिंपला. कलम धरावं म्हणून माळी जे जे करतो ते सगळं. आणि मागं सरून समाधानानं पाहिलं.

दिवे लागले. पेटी सुरू झाली आणि आवाज इतका स्वच्छ आला की केशवराव उठून बाहेर आले आणि म्हणाले, "शाबास." वकिलांनी शालिकरामाला शाबास म्हटल्याची ती एकच वेळ. तो भिंतीशी बसला. खिडकीखाली दोघी सासूसुना. आत बाई पेटीला कान लावून.

नागपूरचा एकजण बोलला. भंडाऱ्याचा एक बोलला, बोलता बोलता रडला. तोवर सोपटातलं पाणी थेंबाथेंबानं कड्याच्या आत उतरत होतं, जाळीत मुरत होतं, जाळीतून धाग्याकडं जात होतं. कलमात हेच पाणी जीव धरतं. इथं त्यानं धागा आणि जाळी एक करून टाकली. आवाज आधी बसका झाला. मग खरखर सुरू झाली. बाई ओरडल्या, "शालिकराम!" त्यानं घाबरून बोंड दोन्ही हातांनी दाबलं, आणि दाबल्यानं गाऱ्यातलं उरलंसुरलं पाणीही आत गेलं.

त्या खरखरीतून तिकडचा बोलणारा म्हणाला, "जिल्हा अमरावती." एवढं सगळ्यांना ऐकू आलं. त्यानंतर कुणीतरी माणूस बोलत होता. बोलत होता हे नक्की, कारण खरखर मधेच वर चढे, मधेच खाली बसे. पण शब्द एक नाही. तो थांबला. नंतर पेटीत नुसतंच कढई तापल्यासारखं होत राहिलं.

दुसऱ्या दिवशी ओमप्रकाश आला. त्यानं गाठ कापली, बोंड उघडलं आणि तिरकं केलं, तर त्यातून मातकट पाणी गळालं. "अरे राजा," तो कपाळाला हात लावून म्हणाला, "ही तार आहे का फांदी? पाणी पाजलंस हिला!" केशवराव तिथेच उभे होते. ते तसेच आत निघून गेले. शिव्या दिल्या असत्या तर शालिकराम जगता.

म्हणजे झालं होतं असं, की अमरावती जिल्ह्यातला कुणीतरी एक जिवंत होता. जिल्ह्यातून तिकडं गेलेले आणखीही असतील, पण या दोन घरांना ते कुठून सुचणार? एक आवाज होता आणि दोन आया होत्या.

तिसऱ्या दिवशी सत्यवतीबाई स्वतः बागेत आल्या. रांगेच्या टोकाशी उभ्या राहिल्या. रागावल्या नाहीत. रडून डोळे सुजलेले. "शालिकराम," त्या म्हणाल्या, "तो माझाच होता ना रे?"

काय म्हणावं त्यानं? खरं म्हणजे माहीत नाही म्हणावं. पण ज्या बाईच्या मुलाचा आवाज आपण आपल्या हातानं बुडवला, तिच्या तोंडावर तो आमचाही असेल म्हणायचं? "तुमचाच होता जी," तो म्हणाला. बाईंचा चेहरा उजळला. तो उजेड पाहून त्याला बरं वाटलं, छातीवरचा धोंडा जरा सरकला. माणूस फसतो तो असल्याच सुखाला.

घरी रमानं ऐकलं आणि ती भांडी घासता घासता थांबली. "मामाजी, तुमी असं काहून म्हनलं? ते होते. बोलाच्या आंधी खाकरले. त्यायचं खाकरनं मले समजत नाई का?"

"खरखर होती वं पोरी. खरखरीत खाकरनं कोनाले आयकू येते?"

"तुमी तिकडं बोंड धरून होते. मी खिडकीपाशी होती."

शालिकरामानं ते कानाआड केलं. बाई मात्र रोज विचारू लागल्या. कधी बागेत, कधी बोंड लावताना. तो माझाच होता ना? तुमचाच जी. आवाज त्याच्यासारखाच होता ना? तसाच जी. हळूहळू यात भर पडत गेली. बाई म्हणू लागल्या की मी 'आई' शब्द ऐकला. केशवरावांनी कोर्टाच्या बाररूममधे सांगितलं. गावानं मान डोलावली, कारण रेडिओवर वकिलाचा डॉक्टर मुलगा बोलणार, माळ्याचा पोरगा कशाला बोलेल? आणि रोज रोज म्हणून शेवटी शालिकरामालाही तसंच वाटायला लागलं. तो डॉक्टरच होता. म्हणजे मग आपला नव्हता. म्हणजे मग आपला नाहीच.

गंगूबाईनं एकदा त्याला धरलं. "तू म्हनते वकिलाचा होता. मंग माहा बंडू कुठी हाय?" ती त्या दिवसापासून येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायची थांबली.

पुढच्या वर्षी सूर्यभान हिवरखेडहून गाडी जुंपून आला. पोर तरणी, किती दिवस अशी बसवून ठेवायची? त्याच्याकडच्या एका बागाईतदाराची बायको वारली होती, माणूस बरा होता, पाट लावून, म्हणजे दुसरेपणाचं लग्न करून, न्यायला तयार होता. जातीत पाटाला कुणाची ना नव्हती, पण नवरा मेलाय की नाही हे पंचांनी ठरवायचं होतं. पंच देवळापुढं बसले. मान म्हणून केशवरावांना बोलावलं होतं, ते खुर्चीवर बसले.

सूर्यभान म्हणाला, "इवाई, तुमीच सांगा. तुमच्या तोंडानं सांगा. रेडिओत अमरावतीचा बोलला तो कोन? तुमचा पोरगा असन तं मी आत्ता गाडी वापस नेतो."

रमा देवळाच्या खांबाआड उभी होती. डोक्यावरचा पदर पुढं ओढलेला, पण शालिकरामाला तिचे डोळे दिसले. त्यानं एकदा तिच्याकडं पाहिलं, एकदा खुर्चीकडं. फक्त 'मले माईत नाई' म्हणायचं होतं. एवढे तीन शब्द. गाडी परत गेली असती. पण खुर्चीवर केशवराव बसलेले, त्यांच्या घरात बाई त्या आवाजावर जगत होती, आणि याच्या तोंडाला दुसऱ्या उत्तराची सवय राहिली नव्हती.

"वकिलसायबांचा होता," शालिकराम म्हणाला.

रमा रडली नाही, ओरडली नाही. गाडीत बसताना तिनं सासूच्या पायावर डोकं ठेवलं, सासऱ्याच्या नाही. त्याच्याजवळून जाताना हळूच म्हणाली, "खाकरले होते मामाजी."

त्यानंतरच खरं म्हणजे शालिकरामाला ते ऐकू येणं सुरू झालं. आधी संध्याकाळी बोंड लावताना. आत पेटीवर गाणं चाललेलं असे, बाजारभाव चाललेले असत, आणि याला त्यांच्याखालून बारीक खरखर ऐकू येई, वर चढणारी, खाली बसणारी, कुणीतरी बोलतंय अशी. बोंड उपसलं तरी ती राही. मग बागेत येऊ लागली, पाटाच्या पाण्यात येऊ लागली. सोपट भिजवायला हात मडक्यात घातला की त्याला दरदरून घाम फुटे. त्यानं डोळे बांधणं सोडलं. वऱ्हाडातला एवढा हात, आणि तो झाडांची आळी खुरपत बसला.

लढाई संपली. हिवाळा आला. एका सकाळी तो आळ्यात वाकला होता आणि रांगेच्या टोकाशी कुणीतरी उभं असलेलं त्याला दिसलं. काटकुळा माणूस, पलटणीचा ढगळ कोट. शालिकरामानं आधी त्याचे पाय पाहिले, उलटे आहेत का म्हणून. पाय सरळ होते. तो माणूस खाकरला आणि म्हणाला, "बाबा."

शालिकराम तिथेच मातीत बसला. गंगूबाईच्या किंकाळीनं बंगल्यातली माणसं बाहेर आली, पण ती नुसती मुलाला चाचपत होती, पाठ, दंड, कान, आणि "माय वो, माय वो" याखेरीज दुसरं बोलत नव्हती. बंडूनं तिला धरून आत नेलं, पाणी पाजलं, इकडं तिकडं पाहिलं.

"रमा कुठी हाय?"

माय रडू लागली. शालिकरामानं सांगितलं. हिवरखेड, पाट, गेल्या साली मुलगा झाला, सगळं. बंडू ऐकत होता.

"मंग माहा निरोप नाई आला का?" त्यानं विचारलं. "आमाले मशीनसमोर उभं केलं होतं ना बाबा. धाकले मालक तं पयल्याच पावसात गेले, तापानं, माह्या मांडीवर. अमरावतीचा मी एकटाच उरलो होतो तिथं. घसा सुकला होता, बोलाच्या आंधी खाकरलो त्यावरून साहेब मले रागावला. मी म्हनलं, माय, मी जित्ता हावो, रडू नोको. रमाले म्हनावं, वाट पाय."

शालिकरामाच्या कानात खरखर उसळली. वर चढली, खाली बसली, आणि पहिल्यांदाच तिच्यात शब्द बरोबर बसले, जिथल्या तिथे. खाकरणं, मग जित्ता हावो, मग रडू नोको, मग वाट पाय. खाचेत बोंड बसावं तसे बसले. त्यानं मुलाला बोंडाचं सांगितलं, सोपटाचं सांगितलं, पंचांपुढं आपण काय बोललो तेही सांगितलं. खाकरण्याचं, रमाला कळलं होतं त्याचं, तेवढं त्याच्यानं सांगवलं नाही.

मग बंगल्यावरून बोलावणं आलं. यायचंच होतं. केशवराव ओसरीवर आरामखुर्चीत होते. सत्यवतीबाई दाराला धरून उभ्या. बंडू एकटा आला, सोबत कुणी नाही, यातच त्यांना अर्धं कळलं होतं. शालिकराम पायरीखाली थांबला. आता हा पोरगा तोंड उघडेल आणि बाईंकडून तो आवाज काढून घेईल, हे त्याला दिसत होतं. आपण दिलेलं खोटं आपल्याच पोराच्या तोंडून परत जाणार होतं.

"बंडू," बाई म्हणाल्या, "माझा रविकांत?"

बंडू खाकरला.

बाईंनी दचकून मान वर केली. नुसती वर केली नाही, कान पुढं केला, जसा त्या संध्याकाळी पेटीकडं केला होता.

"धाकले मालक रेडिओवर बोलले बाई," बंडू म्हणाला. "मी बाजूलेच उभा होतो. अमरावती म्हनले. आई, मी जित्ता हाय म्हनले. रडू नोको म्हनले. वाट पाय म्हनले. मंग पुढच्या पावसात ताप आला अन् गेले. लय तरास नाई झाला. माह्या मांडीवर गेले."

सगळं दिलं त्यानं. बायकोसाठी पाठवलेला शब्दसुद्धा देऊन टाकला. केशवरावांनी डोळ्यांवर उपरणं घेतलं. बाई बंडूकडं पाहत राहिल्या, त्याच्या गळ्याकडं पाहत राहिल्या.

"पाहिली रे," त्या म्हणाल्या. "पाहिली की वाट." मग पायरीखाली पाहून म्हणाल्या, "शालिकराम, आजपासून ते बोंड लावू नकोस. रोज लावत होतास, फार केलंस. आता राहू दे."

ओळखलं होतं का बाईंनी? गावात यावर दोन्ही बाजूंनी बोलणारे आहेत. मला विचाराल तर ओळखलं होतं. त्या बाई मरेपर्यंत दर दिवाळीला बंडूच्या हातावर पहिला लाडू ठेवीत आणि त्याला म्हणत, "जरा बोल रे काहीतरी." बंडू बिचारा खाकरून काहीबाही बोले.

परत जाताना बागेच्या मधोमध शालिकरामानं मुलाला थांबवलं. "काहून गा असं केलं? तुहा आवाज होता तो."

"रमाच्या मांडीवर लेकरू हाय बाबा," बंडू म्हणाला. "माहा आवाज आल्ता अन् मंग तुमी तिले धाडलं, असं गावात झालं तं ती कशी राहीन तिथं? लोक तिलेच नावं ठेवतीन. माहा आवाज आलाच नोता. असंच राहू द्या."

शालिकरामाच्या ओठांवर आलं होतं, तिला सगळं माहीत आहे रे पोरा, माझ्याआधी तिलाच माहीत होतं. त्यानं ते गिळलं. गिळलेलं पचलं मात्र कधीच नाही. पुढं कौंडण्यपूरच्या जत्रेत गंगूबाईला रमा लांबून दिसली, कडेवर मुलगा, बाजूला नवरा. बंडू बैलांपाशी पाठमोरा उभा होता, कुणाला तरी हाक मारायच्या आधी नेहमीसारखा खाकरला. एवढ्या गर्दीत, एवढ्या गोंगाटात, रमा जागच्या जागी थबकली. मग तिनं पदर पुढं ओढला आणि ती नदीकडं चालू लागली. गंगूबाईनं हे घरी येऊन सांगितलं तेव्हा शालिकराम जेवत होता. त्यानं ताट सरकवलं.

बंडूनं दुसरं लग्न केलं नाही. बापाचं काम उचललं, डोळे बांधू लागला, आणि हातही बापाचाच निघाला. शालिकराम पुष्कळ जगला. संध्याकाळी दोघं ओसरीवर जेवायला बसत. म्हाताऱ्याची मान हळूहळू तिरकी होई, घास हातातच राही, डोळे कडुनिंबाकडं लागत, जिथं आता तारही नव्हती.

"बाबा," समोरून बंडू म्हणे, "आयकून राह्यले का? मी बोलून राह्यलो."

शालिकराम हात वर करी. "थांब जरा," म्हणे. "आंधी त्या बंडूले बोलून घेऊ दे."